गळीत हंगामात आमच्याकडून फॉर्म मागू नका

प्रति,
मा. शिक्षण संचालक (प्राथमिक), महाराष्ट्र राज्य, पुणे,
तसेच शाळाप्रवेशाचे रकाने आणि तारखा ठरवणारे सर्व अधिकारी

महोदय,

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली एक पालक. बी.ए. झाले आहे, घरी शिलाईकाम करते. घरातल्या, भावकीतल्या आणि गल्लीतल्या लेकरांच्या प्रवेशाचे फॉर्म माझ्याच दारात येतात, कारण 'त्यांना कळतं' असं एकदा गावात ठरून गेलंय. ब्लाउजची मापं घ्यायच्या वहीत मागच्या पानांवर माझ्याकडं लोकांच्या आधारचे आकडे, रेशनकार्डाचे आकडे आणि लेकरांच्या जन्मतारखा लिहिलेल्या आहेत. त्यामुळं या विषयावर चार शब्द लिहायचा अधिकार मला आहे असं मी समजते.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखून ठेवलेल्या मोफत जागांच्या सोडतीत आमच्या लेकरांचा नंबर लागला नाही, ही माझी तक्रार नाही. सोडत आहे, कुणाचा लागतो, कुणाचा नाही. मला बोलायचंय ते फॉर्मबद्दल. तो तुम्ही कधी मागता, प्रत्यक्षात तो कोण भरतं, आणि त्यात जे पडलं ते लेकराला किती वर्षं निस्तरावं लागतं.

आधी तारखांचं बोलू. 2025-26 च्या आरटीई प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज 14 जानेवारी 2025 ला सुरू झाले. बरोबर संक्रांत. मुदत 27 जानेवारीपर्यंत होती, ती 2 फेब्रुवारीपर्यंत वाढवली. पुण्यातून पाहिलं तर हे चांगलंच आहे. जानेवारीत अर्ज, फेब्रुवारीत सोडत, जूनच्या आत सगळं उरकलेलं. पण त्या जानेवारीत आमच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातली वस्त्यांवरची घरं कुलूपबंद होती. त्या हंगामात उसाच्या गाळपाला 15 नोव्हेंबर 2024 पासून परवानगी होती, विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, आणि त्याच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या. कुणी सांगली, कुणी कोल्हापूर, कुणी थेट कर्नाटकात. गावात राहिले ते म्हातारे, आणि ज्यांना म्हाताऱ्यांच्या हवाली करता आलं ती लेकरं. ही माणसं परत येतात मार्च-एप्रिलात, कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे गाळप बंद होईल तशी. तोवर तुमची सोडतसुद्धा होऊन जाते.

कुणी म्हणेल, अर्ज ऑनलाइन आहे, कुठूनही भरता येतो. माझ्या धाकट्या दिराच्या मुलीचा अर्ज आम्ही असाच 'कुठूनही' भरला. दीर आणि जाऊ कोल्हापूरकडं उसाच्या फडात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तर तो कोयता तिकडं, अर्ज इकडं. नोंदणी केली की पालकाच्या मोबाइलवर अर्जाचा नंबर आणि पासवर्ड येतो. माझा नंबर माझ्या स्वतःच्या मुलीच्या अर्जाला गेलेला, म्हणून दिराचा दिला. नेट कॅफेत खुर्चीवर बसून मी फोन लावला, तर फोन कोपीवर, म्हणजे त्यांच्या तिकडच्या झोपडीत, त्यांच्या मोठ्या पोराच्या हातात. पोरगं चौथीतलं, म्हणजे खरं तर त्या वेळेला शाळेत असायला पाहिजे होतं. तो मेसेज वाचायला लागला.

"मोठी आई, याच्यात बी हाय."

"मोठा बी का लहान बी?"

"बी म्हंजी… पोट असलेला."

पोट दोन्हीला असतं, हे मी त्याला कसं सांगणार? मागं रांगेतली माणसं हसायला लागली. कॅफेवाला म्हणाला, ताई, बाजूला बसा, तोवर दुसऱ्याचं घेतो. संध्याकाळी जाऊ फडातून आली आणि तिनं शेजारच्या कोपीतल्या एका बारावी झालेल्या पोराला मेसेज वाचायला लावला, तेव्हा ते काम पुढं सरकलं. त्या रात्री तिला दीड-दोन वाजेपर्यंत ट्रक भरायचा होता, हे मला नंतर कळलं.

आणि हे झालं नुसतं अर्जाचं. नंबर लागला तर मूळ कागदपत्रं घेऊन तालुक्याच्या पडताळणी समितीपुढं ठरलेल्या तारखांच्या आत जायचं. म्हणजे फडातून निघायचं, दोन दिवस जाण्यायेण्यात घालवायचे, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं खाडा लावून घ्यायचा. खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या रकमेतून वळते होतात. शिवाय तुमच्या सूचनेतच लिहिलेलं असतं की पालकांनी नुसत्या मेसेजवर अवलंबून राहू नये, संकेतस्थळावर पाहत राहावं. पाहत राहावं! फडात चार वाजता उठणाऱ्या बाईनं?

शिक्षण हक्क कायदा मी वाचलाय. अवघड नाही, वाचावा असाच आहे. त्याच्या कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कामं दिली आहेत. आपल्या हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवायच्या, आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहायचं. 'पाहायचं' हे काम कायद्यानं तुमच्याकडं दिलंय. 1 एप्रिल 2010 पासून हा कायदा लागू आहे. तरी आज सगळी धावाधाव पालकाकडं, आणि तुमच्याकडं नुसतं संकेतस्थळ.

गंमत अशी की माहिती तुमच्याकडं असते. दिवाळी झाली की आमच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी वस्त्या-तांड्यांवर फिरतात, कोण ऊसतोडीला जाणार, कुणाची लेकरं बरोबर जाणार, कुणाची मागं राहणार, याची यादी करतात. जाणाऱ्या लेकरांना, जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून, शिक्षण हमी कार्ड देतात, राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवतात. म्हणजे कुठल्या घरातलं कुठलं लेकरू जानेवारीत घरी नसणार, हे शिक्षण खात्याला नोव्हेंबरातच नावानिशी माहीत असतं. त्याच खात्याची दुसरी खिडकी जानेवारीत विचारते, पालक हजर का नाहीत?

आता कागदपत्रं. यादी सगळ्यांना पाठ आहे, मी पुन्हा देत नाही. दोन-तीन कागदांपुरतंच सांगते, कारण ते आमच्या भागात वेगळे वागतात.

पहिला, जन्माचा दाखला. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांना शाळेसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच, असं ठरलं. चांगलं आहे, नोंदी शिस्तीत येतील. पण ऊसतोडीतल्या बाईचं बाळंतपण कुठं होतं? जिथं कारखाना असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात, किंवा कोपीवर. माझ्या जावेची ही मुलगी जानेवारीत तिकडंच झाली. नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत, नावाच्या जागी नुसतं 'स्त्री', आणि आडनाव तिकडच्या उच्चाराप्रमाणं लिहिलेलं. ती नोंद दुरुस्त करायला दिराला दुसऱ्या हंगामात फडातून जावं लागलं, कारण एरवी बीडहून तिकडं जायचं भाडं कोण भरणार? त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाचा प्रवेश नाकारता येणार नाही. हे कलम मी एका शाळेच्या खिडकीवर वाचून दाखवलं. खिडकीतले म्हणाले, "मॅडम, ते सगळं बरोबर आहे, पण सिस्टिम पुढं जाऊ देत नाही."

दुसरा, उत्पन्नाचा दाखला. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वर्षाचं उत्पन्न 1 लाखाच्या आत पाहिजे. ऊसतोड कामगाराचं उत्पन्न किती? तो दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतो. ती उचल म्हणजे हातात आलेले पैसे, आणि त्याच क्षणी डोक्यावर बसलेलं कर्ज. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं. आता हे उत्पन्न धरायचं की देणं? तलाठी आप्पा समजूतदार आहेत, त्यांच्या अहवालात सगळ्या गावाचं उत्पन्न जवळजवळ एकसारखंच येतं. मी त्यांना दोष देत नाही. ज्या प्रश्नाला खरं उत्तर लिहायला जागाच नाही, त्याला माणूस ठरलेलं उत्तर देतो.

तिसरा कागद शहरात गेलेल्यांसाठी. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं आता संभाजीनगरला वाळूजला, लातूरला, पुण्याला भाड्यानं राहतात. त्यांच्याकडून 11 महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार मागता, तोही अर्जाच्या तारखेच्या आधीचा. पत्र्याच्या खोलीचा मालक दुय्यम निबंधकाकडं येऊन करार नोंदवून देतो, असा मालक मला कुणी दाखवावा.

नकाशाचंही एकदा पाहून घ्या. घर शाळेपासून 1 किलोमीटरच्या आत की 1 ते 3 मध्ये, यावर सगळा खेळ. म्हणून नकाशावर घराच्या जागी फुगा नेऊन ठेवायचा, आणि तो हलवायची मुभा पाचदाच. शहरात हे सोपं आहे. आमची वस्ती शेतात. नकाशात तिथं हिरवट-तपकिरी चौकोन दिसतात आणि एक ओढा. कॅफेवाल्यानं बहुतेकांचे फुगे मारुतीच्या पारावर ठेवून दिले होते, कारण नकाशात गावातलं तेवढंच नाव दिसत होतं. पडताळणीत पत्ता आणि फुगा जुळला नाही तर प्रवेश रद्द. एका बापाला मी समजावत होते, तर तो म्हणाला, "तिथं फुगा ठिवला तं काय बिघडलं? समदं गाव मारुतीच्याच आसऱ्याला हाय." मला उत्तर सुचलं नाही.

महोदय, इथवर जे लिहिलं ते त्रासाचं आहे. त्रास लोक सहन करतात, त्याची सवय आहे. यापुढचं जास्त जड आहे.

शाळाप्रवेशाचा फॉर्म म्हणजे तुमच्या दृष्टीनं एका वर्षाची भरती. आमच्या दृष्टीनं तो जन्मभराचा पुरावा आहे. फॉर्ममधलं प्रवेश-निर्गम नोंदवहीत जातं, नोंदवहीतलं दाखल्यावर येतं, दाखल्यावरचं दहावीच्या सनदेवर, आणि तिथून पुढं नोकरी, जमीन, पेन्शन सगळीकडं. माझ्या सासऱ्यांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या तिन्ही भावांची 1 जून. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराकडं पाहून अंदाजानं वर्ष धरायचे आणि तारीख 1 जून टाकायचे. त्या एका गुरुजींच्या सोयीवर कोण कधी रिटायर झालं, कुणाला श्रावणबाळ योजनेत कधी बसता आलं, हे ठरलं. आजही 1 जूनला आमच्याकडं वाढदिवसाच्या बॅनरांना खांब पुरत नाहीत.

जातीचा रकाना तर त्याहून वरचा. 2023 पासून अख्खा मराठवाडा जुनी दप्तरं चाळतोय. अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, आणि निजामाच्या काळातल्या महसुली कागदांबरोबर शाळांच्या जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही कपाटातून बाहेर आल्या. मोडी वाचणारे शोधले गेले, उर्दू वाचणारे शोधले गेले. कुण्या मास्तरानं शंभर वर्षांपूर्वी कुण्या पणजोबाच्या नावापुढं 'कुणबी', म्हणजे ओबीसीत मोडणारी जात, लिहिलं होतं का, यावर आज नातवंडांच्या पोरांचं शिक्षण अडलेलं आहे. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. आणि बहुतेक घरांत तो पुरावा म्हणजे काय? आजोबाच्या शाळेचा निर्गम उतारा. सातबारा नसलेल्या माणसाचा तर तेवढाच कागद.

आता सांगा, आज तो रकाना कोण लिहितंय? पूर्वी निदान गावाला ओळखणारा मास्तर लिहायचा. आज नेट कॅफेतला विशीतला पोरगा लिहितो, मागं पंधरा माणसं उभी असताना, डाव्या हातानं झेरॉक्स काढत. आमच्या भागात वंजारी समाज आहे आणि बंजारा समाज आहे. 'वं' आणि 'बं' यांच्यात एका तिरक्या रेघेचा फरक. पण यादीत एक भटक्या जमाती (ड) आणि दुसरा विमुक्त जाती (अ). घाईत कुणी 'बंजारी' लिहून टाकलं, तर ते ना इकडचं ना तिकडचं. पंधरा वर्षांनी ते लेकरू जातपडताळणी समितीपुढं उभं राहील तेव्हा तो कॅफे बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान आलेलं असेल. मातृभाषेच्या रकान्यातही तसंच. तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या लेकरापुढं 'मराठी', देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू बोलणाऱ्यापुढं 'मराठी', कारण तो पर्याय सगळ्यात वर असतो.

चूक दुरुस्त करता येत नाही का? येते, पण कशी ते पाहा. लेकरू शाळेत आहे तोवर मुख्याध्यापक, शिक्षणाधिकारी, पुरावे, अर्ज. शाळा सोडल्यावर तर दुरुस्ती होते की नाही यावरच इतके वाद झाले की औरंगाबाद खंडपीठात त्यासाठी पूर्णपीठ बसलं. दरम्यान तहसीलसमोरचा माणूस सांगतो की 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून घ्या, 500 चा बाँड लागेल. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयानं साधं स्वयंघोषणापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं, हे त्याला चांगलं माहीत असतं. पण तो बाँड विकायलाच बसलेला आहे, त्यानं का सांगावं? सांगायचं कुणी, हा प्रश्न आहे.

खासगी शाळांच्या स्वतःच्या फॉर्मबद्दल थोडक्यात. तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत मी माझ्या मुलीसाठी पैसे देऊन फॉर्म आणला. त्यात आईचं शिक्षण, वडिलांचं पद, घरात इंग्रजी कोण बोलतं, चारचाकी आहे का, असे रकाने. आतल्या बाईंनी विचारलं, "व्यवसायात टेलरिंग लिहू की फॅशन डिझायनर?" मी म्हटलं, ब्लाउज शिवते असं लिहा. मग 'संवाद' म्हणून आमच्या दोघांची मुलाखत झाली. कायद्याच्या कलम 13 प्रमाणं मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही; पहिल्यांदा केली तर 25,000 पर्यंत आणि पुढं दर वेळी 50,000 पर्यंत दंड आहे. आमच्या तालुक्यात असा दंड कुणाला झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलं असेल तर कळवा, आनंद होईल.

2024 ची आठवण द्यायला नको, पण देते. 9 फेब्रुवारीला अधिसूचना काढून तुम्ही नियम बदलला, 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला या मोफत जागांतून सूट. लोकांनी एप्रिलमध्ये त्याप्रमाणं अर्ज भरले. 6 मे ला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, आणि पालकांनी पुन्हा नव्यानं अर्ज भरायचे असं ठरलं. जुलैमध्ये ती अधिसूचनाच रद्द झाली. चूक सरकारची, आणि कॅफेचे पैसे दोन्ही वेळा पालकाचे. पण एक गोष्ट त्यातून कळली. त्या वर्षी मे महिन्यात अर्ज निघाले तेव्हा आमच्या वस्त्यांवर माणसं घरी होती. आई-बाप स्वतः कॅफेत आले, स्वतः कागद दिले, 'आमचं आडनाव असं न्हाई, तसं लिव्हा' म्हणाले. म्हणजे उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही, हे तुमच्याच खात्यानं करून दाखवलंय. कलम 15 तर शाळा सुरू झाल्यावरही प्रवेश नाकारू नका असंच सांगतं.

शिक्षकांवर मी सगळं ढकलत नाही. आमच्या गुरुजींचा अर्धा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. आधारवर लेकराचं नाव जुळलं नाही तर ते संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार त्या हिशेबात, धरलं जात नाही, आणि लेकरं कमी दिसली तर एका शिक्षकाचं पद जातं. म्हणून गुरुजी आधारसाठी आमच्या मागं, आणि आम्ही आधार केंद्राच्या मागं. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही म्हटलं. ते लेकराला लागू झालं. गुरुजींच्या पदाला लागू झालं नाही, म्हणून फिरून लेकराच्याच दारात आलं.

मागण्या माझ्या फार नाहीत आणि पैसा लागणाऱ्या तर त्याहून नाहीत.

अर्जाची एक खिडकी एप्रिलच्या शेवटापासून मे अखेरपर्यंत उघडी ठेवा. सगळ्यांसाठी जानेवारी ठेवायचाच असेल तर ठेवा, पण ज्या कुटुंबांना शिक्षण हमी कार्ड दिलं किंवा ज्यांची लेकरं हंगामी वसतिगृहात आहेत, त्यांच्यासाठी जागा बाजूला ठेवून दुसरी फेरी मे महिन्यात घ्या. यादी तुमच्याकडं आहे, ते वर सांगितलंच.

आई-बाप बाहेर असतील तर आजी-आजोबांची सही किंवा अंगठा चालू द्या. कायद्यात पालकाच्या व्याख्येत ज्याच्याकडं मुलाची देखभाल आणि ताबा आहे तो येतो. सहा महिने लेकराला जेवू-खाऊ घालणाऱ्या म्हातारीला पडताळणीच्या टेबलावर 'तुम्ही चालत नाहीत' म्हणणं कायद्यातही बसत नाही.

फॉर्म भरण्याचं काम ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रावर फुकट करा, आणि तिथं एक साधी गोष्ट सक्तीची करा: सबमिटचं बटण दाबायच्या आधी पूर्ण फॉर्म पालकाला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, पत्ता. पालकानं 'बरोबर' म्हटल्यावर त्याची छापील प्रत त्याच्या हातात द्यायची. मोबाइल नंबरही वाचायचा. कॅफेवाल्यानं घाईत स्वतःचाच नंबर टाकलेले अर्ज मी पाहिलेत, निवडीचा मेसेज त्याच्या फोनवर पडून राहतो आणि इकडं आई वाट बघत बसते. प्रत हातात आल्यावर निदान महिनाभर दुरुस्ती विनामूल्य, नुसत्या अर्जावर, बाँड न मागता.

प्रवेश झाल्यावर नोंदवहीत जे चढलं त्याचाही उतारा पहिल्याच वर्षी पालकाला द्या. आज तो बघायला मिळतो थेट शाळा सोडताना, म्हणजे चूक पक्की झाल्यावर.

जे कागद तुमच्याच सरकारनं दिलेत ते पुन्हा मागू नका. बापाचं जातप्रमाणपत्र ऑनलाइन निघालेलं असेल तर त्यावर बारकोड आहे, तुम्हीच तपासा. जन्माची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर इकडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तिकडच्या ग्रामपंचायतीला विचारावं. त्यांच्या पत्राला जे वजन आहे ते फडातून उठून गेलेल्या माणसाच्या विनंतीला नाही.

एक किरकोळ सूचना, राहून जाईल म्हणून. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा निर्णय झालाय. आमच्या गावच्या छापील फॉर्मात आईसाठी अजून बोटभर जागा आहे आणि वडिलांसाठी पूर्ण ओळ. ती लेकरं पहिलीत 2030 साली येतील. छपाईला भरपूर वेळ आहे.

आणि तारखांसाठी समिती नेमायची गरज नाही. गाळप कधी सुरू झालं, कुठला कारखाना कधी बंद झाला, याची सगळी नोंद साखर आयुक्तालयात असते. ते कार्यालय पुण्यातच आहे, शिवाजीनगरला साखर संकुलात. तुमच्या मध्यवर्ती इमारतीतून रिक्षानं फार वेळ लागू नये. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक काढायच्या आधी एक माणूस तिकडं पाठवा.

आपली,
एक पालक
ता. धारूर, जि. बीड